विश्लेषण : प्रेसमध्ये दाबलेली भाकरी का चिरते?

टॉर्टिया प्रेस विकत आणून त्यात ज्वारीची भाकरी करण्याचा प्रयत्न बहुतेकदा पहिल्याच दिवशी फसतो. भाकरी गोल होते, पण चिरते, चिकटते आणि फुगत नाही. मेक्सिकोतील मक्याची टॉर्टिया मात्र त्याच प्रेसमधून अखंड निघते. असे का होते आणि ज्वारीच्या पिठाला काय केले तर प्रेस चालतो?

सातारा, सांगली : दोन जड तबकड्या, मागे बिजागरी, वर एक दांडा. ऑनलाइन दुकानांत मिळणाऱ्या टॉर्टिया प्रेसमध्ये याहून जास्त काही नसते. व्हिडिओत पिठाचा गोळा ठेवला जातो, दांडा दाबला जातो आणि दोन सेकंदांत गोल चकती तयार होते. ज्या घरात सासूचा थापायचा हात आता थकला आहे आणि सुनेचा किंवा मुलाचा बसलेला नाही, त्या घराला हे यंत्र मोठा दिलासा वाटते.

प्रत्यक्षात ज्वारीचा गोळा दाबला की उन्हाळ्यातल्या रानाला भेगा पडाव्यात तशा भाकरीच्या कडा फाटतात. प्लास्टिकवरून सोडवताना ती मधोमध तुटते. उरलेली तव्यावर जाते, पण पापुद्रा सुटत नाही. चार दिवसांत प्रेस माळ्यावर जातो. तिथे आधीच एक रोटी मेकर पडलेला असतो.

यंत्राचा यात दोष थोडा आहे. टॉर्टियाचे पीठ प्रेसमध्ये येण्याआधी त्याच्यावर रात्रभराची प्रक्रिया झालेली असते. आपण तेच यंत्र आणतो, पण ती प्रक्रिया मागेच राहते.

प्रेस काय करतो आणि काय करत नाही?

हे यंत्र आपल्याकडे अगदीच परके नाही. पुरी प्रेस आणि पापड प्रेस याच तत्त्वावर चालतात. दांड्याच्या टोकाला लावलेला थोडा जोर बिजागरीजवळ कित्येक पटीने वाढतो आणि गोळा चपटा होतो. त्याचे काम तेवढेच.

थापण्यात एकाच वेळी दोन गोष्टी घडतात. तळवा भाकरी पसरवतो आणि दुसऱ्या हाताची बोटे कडेने फिरत तिला आत ढकलत राहतात. कड फाटू लागली की पुढच्याच थापेला ती मिटते. परातीत भाकरी गरागरा फिरते ती दिसायला छान म्हणून नव्हे. प्रत्येक फेरीत तिची डागडुजी चाललेली असते. सराव असलेल्या बाईला हे सांगताही येत नाही, कारण तिचे लक्षच तिकडे नसते.

प्रेसला ही डागडुजी जमत नाही. तो एकदाच दाबतो. त्यामुळे गोळा आधीच इतका एकजीव हवा, की पसरताना त्याला चीर पडता कामा नये. थापताना चालून जाणारे पीठ प्रेसमध्ये उघडे पडते.

चपाती लाटता येते, मग भाकरी का नाही?

गव्हात ग्लूटेन असते. पाणी घालून मळले की त्याची रबरासारखी जाळी तयार होते आणि ती ताणली तरी तुटत नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ आणि मका यांत ही जाळी तयार होत नाही. गार पाण्यात भिजवलेले ज्वारीचे पीठ म्हणजे एकमेकांना जेमतेम धरून असलेले कण.

या कणांना बांधून ठेवते ते स्टार्च, पण तेही गरम झाल्यावरच. साधारण ७० अंश सेल्सियसच्या आसपास स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, फुटतात आणि चिकट होतात. पतंगाला किंवा वह्यांना कागद चिकटवायला पिठाची खळ करतात, तीच ही क्रिया. आधणाचे पाणी पिठावर ओतले की पिठाच्या काही भागाची खळ होते आणि ती उरलेल्या पिठाला धरून ठेवते.

गावाकडच्या बायकांना यातले रसायनशास्त्र कुणी शिकवले नव्हते, पण व्यवहार पूर्ण माहीत होता. गिरणीतून आणलेले ताजे पीठ कोमट पाण्यातही थापता येते. तेच पीठ महिनाभर डब्यात राहिले की ‘विरी गेले’ म्हणतात आणि मग त्याला आधण लागते. कोकणात तांदळाच्या भाकरीची तर उकडच काढतात. प्रेसला ज्वारीचे पीठ द्यायचे असेल तर ते ताजे असो वा जुने, त्याची उकड काढल्याशिवाय पर्याय नाही. प्रेस माळ्यावर जाण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे, आणि सोबत आलेल्या माहितीपत्रकात ते सहसा नसते, कारण ते पत्रक मक्यासाठी लिहिलेले असते.

ज्वारी कोणती, यानेही फरक पडतो. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो आला. तीही ज्वारीच, पण तिच्या भाकरीची आठवण जुनी माणसे अजून नाक मुरडून सांगतात. याउलट माण, खटाव, जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या कोरडवाहू पट्ट्यात रब्बीला पेरली जाणारी मालदांडी भाकरीसाठी नावाजलेली आहे. तिचे निवडक वाण ‘एम ३५-१’ या नावाने ओळखले जाते. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत ऑक्टोबर १९८१ मध्ये ज्वारीच्या दाण्याच्या गुणवत्तेवर परिषद झाली. तिथे भाकरी आणि टॉर्टिया या दोन्हींचा विचार झाला. भाकरीच्या दर्जासाठी इतर वाणांची तुलना ज्याच्याशी केली जाई, ते हेच एम ३५-१.

टॉर्टिया आणि ज्वारी यांची एकाच ठिकाणी चर्चा होण्यात आश्चर्य नाही. मध्य अमेरिकेतील होंडुरास आणि एल साल्वाडोर या देशांत कोरड्या भागातले लोक ज्वारीच्याही टॉर्टिया करतात. मका पावसावाचून गेला की ज्वारी हाताशी येते. हे गणित आपल्या दुष्काळी पट्ट्यालाही नवे नाही.

मेक्सिकोत मक्याला चुना का लावतात?

मेक्सिकोत मका नुसता दळून टॉर्टिया करत नाहीत. कोरडे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर त्याच पाण्यात ठेवतात, सकाळी चोळून धुतात आणि ओलेच वाटतात. या मक्याला ‘निश्तमाल’ म्हणतात. हा शब्द तिथल्या नाहुआ भाषेतला. त्यात राख आणि मक्याचे पीठ असे दोन शब्द जोडलेले आहेत. चुन्याऐवजी राखेचे पाणीही वापरत, म्हणून राख. ही रीत किमान ३ हजार वर्षे जुनी आहे.

चुना तोच, पानाला लावतात तो : कॅल्शियम हायड्रॉक्साइड. त्याने दाण्याचे टरफल विरघळून सुटते, दाण्याच्या भिंतीतला चिकट अंश मोकळा होतो, स्टार्चचा काही भाग शिजतो आणि पीठ लोण्यासारखे एकजीव होते. प्रेसमधून टॉर्टिया अखंड निघते ती यामुळे.

चुन्याचे दुसरे काम पोटाशी संबंधित आहे. मक्यातले नियासिन हे जीवनसत्त्व घट्ट बांधलेले असते आणि नुसता मका खाल्ला तर ते शरीराला फारसे मिळत नाही. चुन्यामुळे ते सुटते. मका अमेरिकेतून युरोपात गेला, पण चुन्याची रीत मागेच राहिली. परिणामी स्पेन आणि इटलीतल्या गरिबांमध्ये, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात, पेलाग्रा हा रोग पसरला. कातडी काळवंडून सोलणे, जुलाब आणि शेवटी बुद्धिभ्रंश अशी त्याची लक्षणे. नियासिनने तो बरा होतो हे १९३७ नंतर स्पष्ट झाले. यंत्र किंवा धान्य आणले आणि त्यामागची रीत सोडली, तर किंमत किती मोठी असू शकते याचे हे उदाहरण.

दख्खनमध्ये हाच रोग ज्वारी खाणाऱ्यांत आढळला होता. हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास त्याचा अभ्यास केला. ज्वारीतल्या ल्युसीन या अमिनो आम्लाच्या जास्त प्रमाणाशी त्यांनी त्याचा संबंध जोडला. यावर पुढे शास्त्रज्ञांत मतभेद झाले. पण ज्यांच्या ताटात भाकरीखेरीज जवळपास काहीच नव्हते, त्यांनाच हा रोग होत होता, हे महत्त्वाचे. भाकरीबरोबर झुणका, आमटी, शेंगदाण्याची चटणी, ताक असले की ही भीती राहत नाही. ज्वारीला चुना लावण्याची गरज नाही. शिवाय चुन्याने ज्वारीचा रंग काळपट पडतो. मध्य अमेरिकेतही ज्वारीला मक्यापेक्षा कमीच चुना लावतात.

ज्वारीची भाकरी प्रेसवर कशी करावी?

एक वाटी पिठाला पाऊण ते एक वाटी पाणी. जुन्या पिठाला जास्त लागते. पाण्यात चिमूटभर मीठ घालून खळखळ उकळावे, गॅस बंद करून पीठ एकदम घालावे, लाटण्याच्या टोकाने ढवळावे आणि झाकण ठेवून दहा मिनिटे तसेच राहू द्यावे. इथे घाई केली की पुढचे सगळे बिघडते. आतली वाफ कोरड्या पिठापर्यंत पोहोचायला तेवढा वेळ लागतो.

मग परातीत काढून, हाताला सोसेल इतके गरम असतानाच तळहाताच्या टाचेने रगडून मळावे. पाच मिनिटे तरी. मळून झाले की नाही हे ओळखायची खूण सोपी आहे : लिंबाएवढा गोळा दोन तळव्यांत दाबावा. कडेला बारीक चिरा दिसल्या तर पाण्याचा हात लावून पुन्हा मळावे. हाताला चिकटला तर थोडे कोरडे पीठ घ्यावे. ही चाचणी प्रेसवर घेण्यापेक्षा हातावर घेतलेली बरी.

घरगुती प्रेसची तबकडी साधारण १६ ते २० सेंटिमीटरची असते. त्यात ६० ग्रॅमच्या आसपासचा गोळा पुरतो. म्हणजे शेतावर नेतात तशी परातभर भाकरी यातून निघणार नाही. लहान मुलांसाठी करतात त्या चानकीपेक्षा ही थोडी मोठी, एवढेच. पाहुण्यांच्या पंगतीला हे ओशाळवाणे वाटेल, पण डब्यात घालायला हा आकार बरा.

प्लास्टिक जाड हवे. दुधाची पिशवी दोन बाजूंनी कापून, स्वच्छ धुऊन घेतली तर चांगली चालते. पातळ पिशवीला सुरकुत्या पडतात आणि त्या भाकरीवर उमटतात. आतून तेलाचे बोट फिरवावे. गोळा तबकडीच्या बरोबर मध्यभागी न ठेवता बिजागरीकडे किंचित सरकवून ठेवावा, कारण तबकड्या मिटताना पीठ दांड्याच्या बाजूला ढकलले जाते. एकदा हलके दाबावे, भाकरी प्लास्टिकसकट अर्धी फिरवावी, पुन्हा दाबावे. एका दाबात पातळ करायला गेले की एक कड कागदासारखी आणि दुसरी जाड होते. मग पातळ कड करपते आणि जाड कच्ची राहते.

सोडवताना बहुतेकांची चूक होते. भाकरी प्लास्टिकवरून उचलायची नाही. वरचे प्लास्टिक काढून भाकरी तळव्यावर पालथी घ्यावी आणि दुसरे प्लास्टिक तिच्यावरून सोलावे. भाकरी हातावर स्थिर राहते आणि ताण प्लास्टिकवर येतो.

तवा लोखंडी आणि चांगला तापलेला हवा. पाण्याचा थेंब टाकला तर तो नाचला पाहिजे. भाकरी तव्यावर पडली की वर पाण्याचा पातळ हात फिरवावा. थापलेल्या भाकरीला वरचे कोरडे पीठ भिजवायला जास्त पाणी लागते. इथे वर कोरडे पीठ नाही, म्हणून कमी पाणी पुरते. पण ते अजिबात सोडू नये. त्या ओलाव्याने वरच्या थराची अखंड कातडी बनते आणि आतली वाफ कोंडली जाते. पाणी सुकताच उलटावी, ती बाजू पूर्ण भाजावी आणि मग दुसरी बाजू विस्तवावर धरावी. टम्म फुगली तर उकड जमली. अर्धीच फुगली तर कुठे तरी चीर राहिली आहे आणि वाफ तिथून निसटते आहे.

आणि खरीखुरी टॉर्टिया?

मक्याची भाकरी सातारा-सांगलीत नवी नाही, पण ती कोरड्या पिठाची. चुन्याचा मका करून पाहायचा असेल तर एक किलो स्वच्छ, खाण्याचा मका, तीन लिटर पाणी आणि १० ग्रॅम खाण्याच्या दर्जाची चुना पावडर घ्यावी. पातेले स्टीलचे असावे. ॲल्युमिनियमवर चुन्याची क्रिया होते. मंद आचेवर अर्धा ते पाऊण तास, टरफल बोटाने सुटेपर्यंत शिजवून रात्रभर झाकून ठेवावे. सकाळी दोन-तीन पाण्यांनी चोळून धुवावे. हे ओले दाणे पिठाच्या गिरणीत चालत नाहीत, दगड भरून बसतात. ते वेट ग्राइंडरमध्ये किंवा पाट्यावर, अगदी कमी पाण्यात वाटावेत. मिक्सरमध्ये पाणी जास्त लागले आणि गोळा सैल झाला तर मक्याचे कोरडे पीठ मिसळावे.

तीन गोष्टी टाळाव्यात. कळीचा चुना वापरू नये, तो पाण्यात पडताच उकळतो आणि भाजतो. भिंतीला लावायचा चुना तर नकोच. आणि कोंबड्यांच्या खाद्यासाठी आलेला मका घेऊ नये, त्यात बुरशी असण्याचा धोका असतो.

थापणाऱ्या हातांचे काय?

मेक्सिकोत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बायका पहाटे उठून दगडी पाट्यावर मका वाटत. रोजचे कित्येक तास त्यात जात. मग गावोगावी निश्तमालच्या गिरण्या आल्या आणि तो वेळ वाचला. १९४९ पासून तयार कोरडे पीठही कारखान्यात बनू लागले. हाताने वाटलेल्या मक्याची चव गेली अशी तक्रार तिथे आजही आहे. पाट्याशी परत जायला मात्र फार कुणी तयार नाही. आपल्याकडे जात्याची जागा गिरणीने घेतली तेव्हा असेच झाले. भाकरीच्या बाबतीत दळण सुटले, थापणे राहिले.

हे थापणे ज्यांना जमते त्यांची संख्या घटते आहे. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांचे पाणी पूर्वेच्या तालुक्यांत पोहोचले तिथे ऊस, द्राक्ष आणि डाळिंब आले आणि ज्वारीचे रान आक्रसले. रेशनवर गहू स्वस्त मिळू लागला. १९९५ मध्ये राज्य सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना आणली होती. २०२० मध्ये सुरू झालेल्या शिवभोजन थाळीत मात्र दोन चपात्या आल्या. भाकरी शहरांतल्या हॉटेलांत मात्र वाढली, मटणाच्या ताटाबरोबर आणि मधुमेहींच्या डब्यात. तिथे ती थापणारी बाई बहुधा याच कोरडवाहू तालुक्यांतून आलेली असते. तिला नगावर पैसे मिळतात आणि तिची कमाई तिच्या खांद्याच्या ताकदीवर ठरते.

एक किलो पिठात साधारण १० ते १२ भाकऱ्या होतात. २०० भाकऱ्यांची ऑर्डर म्हणजे जवळपास १८ किलो पीठ, आणि प्रत्येक भाकरीला काही डझन थापा. चाळिशीनंतर हे रोज करणे किती अवघड, हे ज्यांनी केले त्यांनाच माहीत. यंत्राचा खरा उपयोग इथे आहे. हौस म्हणून आणलेल्या प्रेसपेक्षा या बाईच्या हातातला प्रेस जास्त मोलाचा.

पण हाताने दाबायचा घरगुती प्रेस एवढ्या कामाला पुरत नाही. दांडा दाबून दुसऱ्या बाजूचा खांदा दुखायला लागतो. त्यासाठी मोठ्या तबकडीची, मोटरवर चालणारी दाबयंत्रे मिळतात. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत अशा छोट्या उद्योगांना कर्जाशी जोडलेले ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत अनुदान आणि बचत गटाच्या सदस्यांना ४० हजार रुपयांपर्यंत बीजभांडवल अशी तरतूद केली गेली. अर्ज करण्याआधी सध्याचे नियम तालुका कृषी कार्यालयात किंवा बँकेत विचारून घ्यावेत.

यंत्र बघायला जाताना आपल्या गिरणीतले दोन-तीन किलो ज्वारीचे पीठ सोबत न्यावे. दुकानात गव्हाचा गोळा दाबून दाखवत असतील तर तो बघण्यात अर्थ नाही, गहू कशातही पसरतो. उकड आपणच काढावी आणि सलग २० भाकऱ्या करायला लावाव्यात. पहिल्या दोन-तीन सगळ्याच यंत्रांवर बऱ्या येतात. विसावी सुटते का, कडेला चिरते का आणि तव्यावर फुगते का, हे पाहून मग पैसे द्यावेत.